वजनकाट्यापलीकडचा तरुण

२०२५ हे वर्ष भारतीय राज्यसंस्थेने स्थूलतेची अधिकृत दखल घेतल्याचे वर्ष म्हणून नोंदले जाईल. जानेवारीच्या अखेरीस संसदेत मांडलेल्या आर्थिक पाहणी अहवालाने अतिप्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांवर चढा कर लावण्याचा विचार व्हावा, असे सुचवले. फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून स्वयंपाकातील तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले आणि स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून त्याचा पुनरुच्चार केला. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाद्यपाकिटांच्या दर्शनी भागावरील इशाऱ्यांचा प्रश्न तीन महिन्यांत मार्गी लावण्यास सांगितले. सप्टेंबरच्या २२ तारखेपासून मात्र बिस्किटे, चॉकलेट, पाकीटबंद फरसाण आणि झटपट नूडल्स यांवरील वस्तू व सेवा कर पाच टक्क्यांवर उतरला. ज्या पदार्थांवर कर वाढवा असे सरकारच्याच अर्थतज्ज्ञांनी जानेवारीत सुचवले, त्यांतील पुष्कळसे पदार्थ सणासुदीच्या तोंडावर स्वस्त झाले.

ही विसंगती उघड आहे आणि तिच्याकडे मी पुढे वळेन. त्याआधी या साऱ्या घोषणांच्या तळाशी असलेल्या एका गृहीतकाविषयी लिहिणे मला अधिक निकडीचे वाटते. ते गृहीतक असे : स्थूलता हा ज्याचे पोट दिसते त्याचा प्रश्न आहे आणि सडपातळ तरुण सुरक्षित आहे, फार तर त्याला अधिक अन्नाची गरज आहे. आपल्या योजना, आपली मंत्रालये आणि आपली आरोग्य तपासणी याच विभागणीवर उभी आहे. भारतीय तरुणाच्या रक्ताने ही विभागणी केव्हाच नाकारली आहे. तिचा पुरावा परदेशातून आणण्याची गरज नाही. तो पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत आणि बंगळुरूच्या प्रयोगशाळांत गोळा झालेला आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीपासून नोंद ठेवण्यास सुरुवात केली. त्यांना झालेल्या मुलांचा पाठपुरावा आजवर चालू आहे. ही मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांतील ६१९ जणांची तपासणी झाली. त्यांच्यापैकी ४८ टक्के मुले-मुली प्रचलित मापदंडानुसार कमी वजनाची होती. अशा समूहात रक्तातील साखर हा चिंतेचा विषय असेल, असे कोणीही म्हटले नसते. प्रत्यक्षात ३७ टक्के तरुणांत आणि १८ टक्के तरुणींत ग्लुकोजचे प्रमाण मर्यादेबाहेर गेलेले आढळले. ही मुले उपाहारगृहांत वाढलेली नव्हती आणि दिवसभर संगणकासमोर बसलेलीही नव्हती. ती ग्रामीण महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबांतील मुले होती. मुलींच्या तुलनेत मुलांचे प्रमाण दुप्पट आहे, ही बाब वाचकाने लक्षात ठेवावी. धोरणाच्या चर्चेत ती पुन्हा येणार आहे.

हे कसे घडते, हे समजून घेण्यासाठी रक्तातील काही प्रथिनांची ओळख करून घ्यावी लागेल. चरबी म्हणजे शरीराचे मूक कोठार, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन या प्रथिनाचा शोध लावला आणि या समजुतीला धक्का बसला. चरबीच्या पेशी स्वतः रक्तात संदेश सोडतात, कोठारात किती साठा आहे हे मेंदूला कळवतात आणि भूक त्यानुसार कमी-जास्त होते, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढच्याच वर्षी अ‍ॅडिपोनेक्टिन हे दुसरे प्रथिन सापडले. तेही चरबीच्याच पेशींतून येते, परंतु त्याचे वागणे उलटे आहे. चरबी वाढते तसे रक्तातील लेप्टिन वाढते आणि अ‍ॅडिपोनेक्टिन मात्र घटते. स्नायू आणि यकृत यांना चरबी जाळण्यास प्रवृत्त करणे व त्यांना इन्सुलिनच्या आज्ञेत ठेवणे, हे अ‍ॅडिपोनेक्टिनचे काम. इन्सुलिन स्वतः साठवणुकीचा हुकूम देते आणि कोठाराचे दार बंद ठेवते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर बसलेले लायपोप्रोटीन लायपेज हे विकर रक्तातून वाहणारी चरबी उतरवून घेते, तर अँजिओपोएटिनसदृश म्हणून ओळखली जाणारी प्रथिने त्या हमालीला गरजेप्रमाणे लगाम घालतात.

या प्रथिनांच्या भाषेत बोलायचे तर स्थूल आणि सडपातळ तरुणांतील भेद वजनाहून अधिक अर्थपूर्ण होतो. स्थूल तरुणाच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते, पण मेंदू त्या हाकेला सरावून बहिरा झालेला असतो. अ‍ॅडिपोनेक्टिन कमी असते, इन्सुलिन वाढूनही त्याचा हुकूम चालत नाही, आणि ट्रायग्लिसराइडच्या रूपातील चरबी रक्तात तरंगत राहते. व्यायामाने कमावलेल्या सडपातळ तरुणाचे चित्र याच्या उलट असते. भारतात मात्र तिसरा तरुण आढळतो. त्याचे वजन दुसऱ्यासारखे आणि रक्त पहिल्यासारखे असते. त्याच्या त्वचेखालचे कोठार लहान आहे. आवक थोडी वाढली तरी पोती कोठारात मावत नाहीत; ती ओसरीवर आणि माजघरात येऊन पडतात. शरीराच्या बाबतीत ही ओसरी म्हणजे यकृत, आतड्यांभोवतीची पोकळी आणि स्नायू. तेथे साठलेली चरबी काट्यावर फारशी दिसत नाही, आरशातही दिसत नाही, परंतु रक्तातील प्रथिनांच्या पातळीवर तिचा ठसा उमटतो.

याचे सर्वात बोलके उदाहरण २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे ते शेजारी-शेजारी उभे असलेले छायाचित्र होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा होता : २२.३. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र ब्रिटिश संशोधकाचे ९.१ टक्के आणि पुणेकर संशोधकाचे २१.२ टक्के. याची मुळे जन्मापूर्वीच रुजतात, हेही त्यांच्या गटाने दाखवले आहे. पुण्यातील आणि लंडनमधील नवजात बालकांची तुलना केली असता पुण्याची बाळे वजनाने हलकी होती. तरीही त्यांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन अधिक होते आणि लेप्टिन त्या वजनाच्या मानाने चढे होते. हाडे, स्नायू आणि अवयव यांत उणे राहिलेले बाळ चरबी मात्र राखून जन्माला येते.

बंगळुरूचा या कथेतील वाटा कमी नाही. त्याची सुरुवात, मराठी वाचकाला आठवत असेल, पुण्यातल्याच एका वादातून झाली. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि ऐंशीच्या आरंभी संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आणि अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्यात दारिद्र्य आणि उष्मांक यांच्या संबंधावर वाद रंगला. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली रोज २,२५० उष्मांकांच्या आधारे दारिद्र्याची रेषा आखली होती. सुखात्मे यांचे म्हणणे होते की माणसाची गरज स्थिर नसते. कमी अन्नावर शरीर काही मर्यादेत जुळवून घेते, म्हणून सरासरी गरजेच्या खाली असलेल्या प्रत्येकाला कुपोषित म्हणणे चूक आहे. हा वाद केवळ शास्त्रीय नव्हता. शरीर जुळवून घेत असेल तर भुकेल्यांची संख्या कमी भरते आणि सरकारची जबाबदारीही कमी होते.

त्याच काळात बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात प्रकाश शेट्टी आणि त्यांचे सहकारी कमी वजनाच्या मजुरांचा विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाखर्च मोजत होते. असा मजूर एकंदरीत कमी ऊर्जा खर्च करतो, कारण त्याचा देहच लहान असतो. परंतु चरबी वगळून उरलेल्या देहाच्या हिशेबाने काटेकोर मोजमाप केले, तेव्हा उपाशी शरीर काही अद्भुत काटकसर शिकते, याला आधार मिळाला नाही. त्याच सेंट जॉन्समध्ये पुढे अनुरा कुरपाद आणि सहकाऱ्यांनी भारतीय तरुणांवर केलेल्या प्रयोगांतून लायसिन या अमिनो आम्लाची गरज तपासली. लायसिन धान्यात कमी आणि डाळी, दूध, अंडी यांत अधिक असते. आंतरराष्ट्रीय संघटनांनी १९८५ साली दर किलो वजनामागे १२ मिलिग्रॅम ही गरज मानली होती; २००७ साली ती ३० मिलिग्रॅमवर नेण्यात आली आणि या बदलामागील पुराव्यात बंगळुरूच्या प्रयोगांचा मोठा भाग होता. कमी वजनाच्या तरुणांत ही गरज आणखी अधिक आढळली. याचा सरळ अर्थ असा, की भात-पोळीवर पोट भरलेला सडपातळ मजूर उष्मांकांच्या हिशेबात तृप्त असला तरी स्नायू घडवण्याच्या हिशेबात उपाशी असू शकतो. स्नायू हा ग्लुकोज आणि चरबी यांचा सर्वात मोठा गिऱ्हाईक. तोच तोकडा असेल तर उरलेला माल जाणार कोठे?

आणखी एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. ज्या १९९४ साली लेप्टिनचा शोध लागला, त्याच साली शेट्टी आणि फिलिप जेम्स यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी प्रौढांतील कुपोषण बॉडी मास इंडेक्सने कसे मोजावे, याची पुस्तिका तयार केली. १८.५च्या खाली कुपोषण, ही रेषा तेव्हापासून जगभर रूढ झाली. दुष्काळ आणि भूक मोजण्यासाठी ते साधन उत्तम होते आणि आजही आहे. दोष साधनाचा नाही. आपण त्याला एकाच वेळी भुकेचा आणि चयापचयाचा साक्षीदार केले, हा आहे. भुकेविषयी हा निर्देशांक विश्वासार्ह साक्ष देतो. चयापचयाविषयी त्याची साक्ष अपुरी पडते.

ती किती अपुरी पडते, हे २०१६ ते २०१८ दरम्यान झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाने दाखवले. एक लाखाहून अधिक मुलांची मोजमापे आणि सुमारे ५१ हजार मुलांचे रक्त-लघवीचे नमुने तपासणारे हे देशातील पहिलेच इतके मोठे सर्वेक्षण होते. त्याच्या विदेचे कुरपाद आणि सहकाऱ्यांनी केलेले विश्लेषण २०२१ साली प्रसिद्ध झाले. उंचीने खुंटलेल्या किंवा वजनाने कमी भरलेल्या मुलांपैकीही निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात साखर, चरबी किंवा तत्सम घटकांपैकी किमान एकाची पातळी बिघडलेली होती. कुपोषण आणि स्थूलता हे एकाच देशातील दोन वर्ग नाहीत, एकाच घरातील दोन माणसेही नाहीत. पुष्कळदा ती एकाच मुलाच्या देहात एकत्र नांदतात. आपली प्रशासकीय रचना मात्र त्या मुलाचे दोन तुकडे करते. त्याची उंची-वजन महिला व बालविकास खात्याकडे, त्याची साखर आरोग्य खात्याकडे, त्याचे धान्य अन्न खात्याकडे आणि त्याचे बिस्कीट अर्थ खात्याकडे.

मी ज्या बंगळुरूतून लिहितो आहे, तेथे या प्रश्नाची दोन्ही टोके एकाच रस्त्यावर दिसतात. बाह्यवळण रस्त्यालगतच्या संगणक कंपन्यांत बसलेला तरुण आणि त्याचे जेवण दुचाकीवरून पोहोचवणारा तरुण जवळपास एकाच वयाचे असतात. पहिल्याविषयी थोडीफार माहिती आता उपलब्ध आहे. हैदराबादमधील माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील ३४५ कर्मचाऱ्यांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ८४ टक्क्यांच्या यकृतात चरबी वाढलेली होती आणि ७१ टक्के स्थूल होते. बंगळुरूतील चित्र याहून फार निराळे असेल, असे मानण्यास मला कारण दिसत नाही. दुसरा तरुण बहुधा उत्तर कर्नाटकातून, ओडिशातून किंवा ईशान्येकडून आलेला, अंगाने किडकिडीत. दहा-बारा तास तो दुचाकीवर असतो. म्हणजे हालचाल वाहनाची, शरीराची नव्हे. रात्री उशिरा भात, दिवसा गोड चहा आणि बिस्किटे. वजनकाट्यावर उभा राहिला तर त्याला कोणी काही सांगणार नाही. पहिल्या तरुणाची कंपनी वर्षातून एकदा त्याचे रक्त तपासते. दुसऱ्याचे रक्त अपघात झाल्याशिवाय कोणी पाहत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशन यांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे आणि १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर आहेत. रक्तातील चरबीचा कोणता ना कोणता बिघाड असलेल्यांचे प्रमाण ८१.२ टक्के आहे. याच पाहणीत सर्वसाधारण स्थूलता २८.६ टक्क्यांत, तर पोटाची स्थूलता ३९.५ टक्क्यांत आढळली. या दोन आकड्यांतील अंतर म्हणजे अशी माणसे, ज्यांना वजनकाटा निर्दोष ठरवतो आणि शिंप्याची टेप दोषी ठरवते.

आता आरोग्ययंत्रणेकडे पाहू. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. असंसर्गजन्य रोगांची लोकसंख्याधारित तपासणी वयाच्या तिशीपासून सुरू होते. मधल्या दहा वर्षांत सरकारी आरोग्यव्यवस्थेची स्त्रीशी निदान गर्भधारणेच्या निमित्ताने गाठ पडते. तेव्हा तिचे हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि साखर पाहिली जाते. पुरुषाशी तीही पडत नाही. विशी ते तिशी या वयोगटातील तरुण भारताच्या आरोग्यनकाशावर जवळपास अदृश्य आहे. पुण्याच्या खेड्यांत अठराव्या वर्षी ज्या मुलांच्या रक्तात बिघाड दिसला, त्यांची सरकारी तपासणी नियमानुसार बारा वर्षांनी होईल. लोकसंख्येच्या लाभांशाविषयी आपण ज्या अभिमानाने बोलतो, तो लाभांश ज्या दहा वर्षांत मिळवायचा, नेमकी तीच वर्षे आपण बघायची सोडून दिली आहेत.

अदृश्यतेचे हे मोल काय असते, याची एक आठवण वेल्लोरने नुकतीच करून दिली. तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी न्यूयॉर्कच्या संशोधकांसह कुपोषित, कृश तरुणांतील मधुमेहाचा अभ्यास केला आणि त्यांच्यात इन्सुलिनचा परिणाम घटलेला नसून इन्सुलिन स्रवण्याची क्षमताच तोकडी आहे, असे दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली या प्रकाराची स्वतंत्र नोंद केली होती आणि १९९९ मध्ये पुरेशा पुराव्याअभावी ती वगळली. २०२५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘प्रकार ५’ असे नाव देऊन पुन्हा मान्यता दिली. मधल्या पाव शतकात अशा तरुणाच्या आजाराला वर्गीकरणात स्वतःची जागा नव्हती. पुण्याचा ‘सडपातळ-स्थूल’ तरुण आणि वेल्लोरचा कृश तरुण एकसारखे नाहीत. वजनकाटा मात्र दोघांत भेद करू शकत नाही.

मग उपाय काय? रक्तातील प्रथिने सर्वांची मोजावीत, असे मी सुचवत नाही. उलट त्या मोहापासून सावध राहण्याची विनंती करीन. बंगळुरूत कोणत्याही नव्या ज्ञानाचे रूपांतर मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये आणि घरपोच चाचणीत व्हायला वेळ लागत नाही. लेप्टिनचा इतिहास येथे मार्गदर्शक ठरावा. शोध लागताच स्थूलतेवर रामबाण औषध सापडल्याची हवा झाली. पण बहुसंख्य स्थूल माणसांच्या रक्तात लेप्टिन आधीच मुबलक असल्याने ते टोचून फारसे काही साधले नाही. अखेर २०१४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती ज्यांच्या शरीरात चरबी जवळपास नसतेच, अशा दुर्मीळ आजारासाठी. प्रथिन सापडणे आणि उपाय सापडणे यांत मोठे अंतर असते. वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांबाबतही हेच भान हवे. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यामुळे स्वस्त पर्यायांची वाट मोकळी होते. बंगळुरूच्या बायोकॉनला त्याच कुळातील लिराग्लुटाइडसाठी ब्रिटनच्या नियामकाची मान्यता २०२४ मध्येच मिळाली आहे. ही औषधे अनेकांसाठी उपकारक आहेत. पण ज्या तरुणाचे वजन ५२ किलो आहे, त्याचा प्रश्न वजन उतरवून सुटणारा नाही. त्याला स्नायू हवा आहे.

प्रथिनांच्या संशोधनाने जे शिकवले, ते वापरण्यासाठी अत्यंत स्वस्त साधने पुरेशी आहेत. भारतीय पुरुषासाठी कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे धोक्याचे मानले जाते. लहान चणीच्या माणसासाठी कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा निकष अधिक न्याय्य आहे. त्याच्या जोडीला उपाशीपोटी साखर आणि ट्रायग्लिसराइड यांची तपासणी. ही तपासणी अठराव्या वर्षापासून उपलब्ध असावी, आणि तरुण दवाखान्यात येईल याची वाट न पाहता तो जेथे आहे तेथे न्यावी : महाविद्यालये, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, बांधकाम मजुरांची मंडळे. कर्नाटकाने २०२५ साली गिग कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला असून प्रत्येक व्यवहारावरील शुल्कातून त्याचा निधी उभा राहायचा आहे. अपघात विम्याइतकेच वार्षिक रक्ततपासणीला त्या निधीत स्थान मिळाले, तर बंगळुरू इतर शहरांना काही शिकवू शकेल.

दुसरा मुद्दा अन्नाचा. भारतीयांना सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून आणि केवळ १२ टक्के प्रथिनांतून मिळते, असे आयुर्विज्ञान परिषदेच्या त्याच पाहणीवर आधारलेल्या २०२५ मधील विश्लेषणात दिसून आले. केंद्राची मोफत धान्य योजना ८१ कोटींहून अधिक लोकांना दरमहा पाच किलो धान्य देते. या योजनेने भूक रोखली, हे निर्विवाद आहे आणि तिला हात लावण्याचे मी कदापि सुचवणार नाही. पण पोट भरण्याची हमी दिल्यानंतर राज्याचे काम संपत नाही. कर्नाटक मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नभाग्य योजनेतील जादा पाच किलो तांदळाऐवजी तूरडाळ, तेल, साखर आणि मीठ यांचा संच देण्याचा निर्णय घेतला. तूरडाळीचे मी मनापासून स्वागत करतो. साखर आणि तेल यांनी त्याच पिशवीत काय साधणार, हे मला उमगत नाही. महाराष्ट्राच्या ‘आनंदाचा शिधा’मध्येही चणाडाळीच्या शेजारी साखर आणि पामतेल होते. सण गोड व्हावा, ही भावना समजण्यासारखी आहे. शिधावाटप दुकानातून कायमस्वरूपी काय मिळावे, याचे उत्तर मात्र डाळ हेच आहे. शाळेच्या ताटात अंडे हेही आहे.

येथे सप्टेंबरच्या करकपातीकडे परत यावे लागते. साखरयुक्त शीतपेयांवर चाळीस टक्के आणि बिस्किटांवर पाच टक्के, या दोन दरांत आरोग्याचे कोणते सूत्र आहे? नमकीन आणि बिस्कीट ही गरिबाची न्याहारी आहे, म्हणून ती स्वस्त असावी, हा युक्तिवाद मला ठाऊक आहे. पण गरिबाचे कोठारच लहान आहे, हेच तर या लेखाचे म्हणणे आहे. तीच साखर आणि तेच तेल त्याच्या यकृतात लवकर उतरते. कर वाढवणे राजकीयदृष्ट्या अवघड असेल, तर निदान पाकिटावर स्पष्ट इशारा छापावा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये सुचवलेली तारांकित मानांकनाची पद्धत उत्पादकाला सोयीची आहे. साखर जास्त, मीठ जास्त, असे सरळ मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिणे ग्राहकाला सोयीचे आहे.

तिसरा मुद्दा ज्ञानाचा. ब्रिटनच्या यूके बायोबँकने ५४ हजारांहून अधिक व्यक्तींच्या रक्तातील सुमारे तीन हजार प्रथिनांची मोजणी करून ती २०२३ मध्ये जगापुढे मांडली. त्यांत बहुसंख्य गोरे ब्रिटिश आहेत. पुण्याच्या नवजात बाळाची नाळ जर लंडनच्या बाळाहून वेगळे सांगते, तर त्यांच्या सरासरीवर आपले तरुण जोखणे योग्य नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राच्या समन्वयाने चाललेल्या ‘जिनोम इंडिया’ प्रकल्पाने दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची विदा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली केली. जनुके मनुष्याबरोबर जन्मतात. रक्तातील प्रथिने त्याने काय खाल्ले, किती श्रम केले आणि त्याची आई कशी जगली, हे सांगतात. विशीतील तरुणांची, सडपातळ आणि स्थूल दोघांची, अशी सार्वजनिक नोंद सरकारी खर्चाने उभी राहिली पाहिजे. ती खासगी चाचण्यांच्या दुकानदारीवर सोडली, तर ज्यांना परवडते त्यांचेच रक्त आपल्याला कळेल.

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा, की सडपातळ गरिबाच्या रक्तातही चरबी आहे असे म्हटल्याने पोषण योजनांवर कात्री चालवायला निमित्त मिळेल. सुखात्मे यांच्या मांडणीचा अर्थ सरकारने किती सोयीने लावावा, ही भीती तेव्हाही होती. माझे उत्तर असे, की पुण्याचा पुरावा नेमका उलट दिशेने बोट दाखवतो. आईच्या पोटात असताना मिळालेल्या अपुऱ्या पोषणातून हा धोका जन्मतो. म्हणून पोषणावर खर्च कमी नव्हे, अधिक आणि आधी व्हायला हवा. दुसरा आक्षेप असा, की अठराव्या वर्षी किंचित वाढलेल्या साखरेमुळे कोट्यवधी निरोगी तरुणांवर रोगाचा शिक्का बसेल. हे खरे आहे, की त्यांतील अनेकांना मधुमेह कधीच होणार नाही. म्हणूनच तपासणीचा शेवट गोळीत होता कामा नये. कंबर मोजणे, डाळ वाढवणे आणि स्नायूंना काम देणे यांत कोणाचेही नुकसान नाही. सरकारी मैदाने संध्याकाळी खुली ठेवण्यास औषध कंपनीची परवानगी लागत नाही.

आपल्याकडे पोलीस भरतीच्या मैदानावर आजही तरुणाची छाती मोजली जाते, एकदा फुगवून आणि एकदा न फुगवता. त्यामागे बलवान पुरुषाची एक जुनी कल्पना आहे. त्याच टेपने चार बोटे खाली उतरून कंबर मोजली, तर त्या तरुणाच्या पुढच्या तीस वर्षांविषयी अधिक काही कळेल. राज्य जे मोजते त्याचीच काळजी घेते. विशीतल्या तरुणाचे आपण आजवर मत मोजले, श्रम मोजले आणि वजन मोजले. त्याचे रक्त काय म्हणते, हे विचारण्यासाठी त्याला तीस वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहण्याचे कोणतेही शास्त्रीय कारण आता उरलेले नाही.